निळ्या गोळीचा आळ

पहिली उलटी झाली तेव्हा मी आठवीच्या वर्गाच्या दारात उभी होते आणि उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, भिंतीपर्यंत गेली आणि वाकली. दुपारच्या जेवणातली डाळ तशीच बाहेर आली. मुली बाजूला सरकल्या. कुणीतरी हसलंसुद्धा. मी तिला धरून बाहेर नेलं, तोंड धुवायला लावलं आणि व्हरांड्यात सावलीला बसवलं. लोहाच्या गोळीनं एखादीला मळमळतं, थोड्या वेळानं बरं वाटतं, तसंच हे असेल असं मला वाटलं. मी परत वळले, तोवर वर्गातून दुसरी मुलगी पोट धरून बाहेर येत होती.

मी नर्स आहे. हॉस्पिटलमधली नव्हे, गावातली. इंदूरला राहते आणि हातोदच्या पलीकडच्या काही गावांचं सरकारी आरोग्य उपकेंद्र सांभाळते. गरोदर बायांची तपासणी, बाळांच्या लसी, बाळंतिणींच्या घरी फेऱ्या, शाळेतल्या मुलामुलींना गोळ्या, असं ते काम. आमचं घर मूळचं महूचं. आजोबा फौजेत होते. नवरा इंदूरच्याच पोलोग्राउंड भागात एका कारखान्यात नोकरीला आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, निदान आम्हाला तसं वाटतं. पुण्याची माझी जाऊ म्हणते, तुमच्या मराठीत क्रियापद काढलं तर मागं सगळी हिंदीच उरते. गावात तर माळवी आणि हिंदीच चालते. ते बोलणं मी इथं बरंचसं मराठीत लिहिते आहे; जिथं मराठीत त्याची धार जाते तिथं तसंच ठेवलं आहे. नावं कुणाचीच घातलेली नाहीत. जिची ही हकीकत आहे त्या मुलीनं लिहायला हो म्हणताना तेवढीच अट घातली होती.

सोयाबीनच्या कापणीचे दिवस होते. गाव ओस पडलेलं, माणसं शेतात. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. मध्यंतरी गोळ्या आल्या नव्हत्या, त्या दिवशी पुन्हा सुरू करायच्या म्हणून मी स्वतः गेले होते. जेवणं झाल्यावरच दिल्या. तरी बघता बघता व्हरांडा भरला. कुणी रडत होती, कुणी पोट धरून बसली होती, कुणाचे हात गार पडले होते. दोघी-तिघींची बोटं वाकडी होऊन आखडली होती. घाबरून भराभर श्वास घेतला की बोटं अशी आखडतात आणि शांत झालं की सुटतात, हे मला माहीत होतं. मुलींना माहीत नव्हतं. त्या एकमेकींची बोटं बघून आणखी घाबरत होत्या.

माझ्याबरोबर गावातली आशा कार्यकर्ती होती, म्हणजे घरोघर माझ्यासोबत फिरणारी, त्याच गावची सून. तिची स्वतःची मुलगी सातवीत होती आणि तिनंही गोळी घेतली होती. ती आपल्या मुलीचा हात धरून माझ्याकडे बघत होती. विचारत काही नव्हती, पण तिला माझ्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.

"तिला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "पाणी पाज आणि दुसऱ्या मुलींना एकेकीला वेगळी बसव. घोळका करू देऊ नकोस."

ती उठली. मुलीचा हात मात्र तिनं सोडला नाही. तिला बरोबर घेऊनच ती बाकीच्यांना पाणी देत फिरली.

मुख्याध्यापिका इंदूरच्याच, मराठी, माझ्याहून वयानं मोठ्या. त्या ऑफिसातून धावत आल्या. हातात गेटची किल्ली होती.

"सिस्टर, कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकून दिला आहे. गावात सांगताहेत की एक छोरी गेली. पब्लिक येऊन राहिली आहे. मी गेट लावून टाकते."

"लावू नका मॅडम. आत मुली, बाहेर आया आणि मध्ये कुलूप, असं झालं तर आपलं काही खरं नाही."

"आणि आत घुसले तर?"

"आयांना आत घ्या. पुरुषांना थांबवता येतंय का बघू."

त्यांनी गेट अर्धं उघडलं आणि स्वतः मध्ये उभ्या राहिल्या. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जवळची गाडी एक बाळंतीण घेऊन दुसरीकडं गेली होती. यायला तासभर तरी लागेल म्हणाले. मग हातोदच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ज्यांना खरोखर जास्त आहे त्यांना मिळेल त्या गाडीनं घेऊन या.

बाया आत आल्या आणि सरळ आपापल्या मुलीकडं धावल्या. गोंगाट खूप झाला, पण एक बरं झालं. आई आली तशा मुली तिच्या अंगावर पडून रडल्या आणि हळूहळू शांत झाल्या. आखडलेली बोटं सुटली. एक जण तर आईच्या पदराखालून डोकं काढून मैत्रिणीला शोधायला लागली. गेटवर मात्र पुरुष वाढत होते. एकानं जमिनीवर पडलेली गोळ्यांची पट्टी उचलून माझ्यासमोर धरली. "खा के दिखाओ." मी दोन गोळ्या काढल्या आणि त्याच्यासमोर पाण्याबरोबर गिळल्या. त्यानं काही फरक पडला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, इनको तो आदत होगी.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि त्या पहिल्या मुलीचा बाप आत आला. शेतातून तसाच धावत आला होता. घाम, अंगभर सोयाबीनचा भुसा, आणि उजव्या हातात विळा. हातात विळा आहे हे त्याच्या लक्षातही नसावं. मला मात्र त्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

"कौन है गोली देने वाली?"

मुख्याध्यापिका माझ्यापुढं यायला लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. "मैं हूँ," म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग आपल्या मुलीकडं. तिची आई आधीच आली होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मीही त्याच्या नजरेबरोबर तिकडं पाहिलं, आणि तेव्हा कुठं मला कळलं की इतका वेळ मी दंगा करणाऱ्या मुलींच्या मागं होते आणि ही मुलगी गप्प होती.

बाकीच्या सुधारत होत्या, ही नव्हती. डोळे अर्धवट मिटलेले. ओठ सुकून सालं निघालेली. आणि श्वास. घाबरलेल्या मुलीचा श्वास वरवरचा, भराभर असतो. हिचा खोल होता, लांब, पडल्यापडल्या कुणी डोंगर चढत असल्यासारखा. मी तिच्या तोंडाजवळ वाकले. पिकून उतरलेल्या फळासारखा गोडूस वास येत होता. ती म्हणत होती, पाणी.

"आता तर पाजलं," आई म्हणाली. "पिते आणि पुन्हा मागते. महिनाभर असंच चाललंय. रात्रीसुद्धा उठते, पाणी पिते, बाहेर जाऊन येते."

मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "वर्गातपण तेच. दर तासाला बॉटल भरायला, दर तासाला बाहेर. मी रागावले होते हिला."

"आणि वाळली किती," आई म्हणाली. "मला वाटलं, मोठी होतेय."

माझ्या पिशवीत गरोदर बायांची साखर बघायचं मशीन असतं. ते मी काढलं. इतक्या लहान मुलीला साखरेचा आजार असू शकतो हे शिकताना वाचलेलं होतं, पण माझ्या गावांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी बापाकडं न बघता तिचं बोट टोचलं. तो ओरडला, "अब क्या लगा रही हो?" मशीनवर आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. शेजारी वाकून बघणारा एक मुलगा म्हणाला, हाय लिखा है.

मशीन बिघडलं असं वाटलं. मी स्वतःचं बोट टोचून पाहिलं, नीट आकडा आला. पुन्हा तिचं बोट टोचलं, पुन्हा तीच अक्षरं. म्हणजे साखर इतकी वर की मशीनला मोजता येत नव्हती. मी बापाला म्हटलं, "हिला गोळीनं झालेलं नाही. हिच्या रक्तात साखर फार वाढलीय. आत्ताच्या आत्ता इंदूरला न्यायला हवं."

कुणी ऐकून घेणार नव्हतंच. मागून हसण्याचा आवाज आला. "देखो, अब शुगर बता रही है. बारह-तेरह साल की छोरी को शुगर." बाप म्हणाला, "तू आता हात लावू नकोस. डॉक्टरला बोलावलंय."

गावात एक डॉक्टर होता. डॉक्टर म्हणजे डिग्री नसलेला, पण कित्येक वर्षं तिथंच राहिलेला. सुया द्यायचा, बाटल्या चढवायचा. माझं आणि त्याचं कधी जमलं नाही. बाळंतिणींना तो नको ती औषधं देतो म्हणून मी वर तक्रार केली होती, आणि ते त्याला ठाऊक होतं. तो मोटरसायकलवरून आला, पिशवीतून सलाइनची बाटली आणि नळी काढली. बाटलीवर ग्लुकोज लिहिलेलं होतं.

"ती लावू नका," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. सगळं गाव आमच्या दोघांकडं बघत होतं. त्यानं नुसतं मानेनं नाकारलं असतं आणि सुई खुपसली असती तर मी काहीही करू शकले नसते.

मी मशीन त्याच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

त्यानं स्वतः तिचं बोट टोचलं. अक्षरं बघितली. मग तिच्या छातीकडं, श्वासाकडं बराच वेळ बघत राहिला. बाटली पुन्हा पिशवीत घातली. बापाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "भिया, ये मेरे बस का नहीं है. सिस्टर ठीक बोल रही है. इंदौर ले जाओ, अभी."

त्याच्या त्या एका वाक्यानं गर्दी गप्प झाली. माझ्या शब्दाला त्या दिवशी काडीचं वजन नव्हतं, त्याच्या शब्दाला होतं, आणि त्यानं ते माझ्या बाजूनं टाकलं. मी पुढंही त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या. पण त्या दुपारचं त्याचं वागणं मी विसरलेली नाही.

पिकअप आली, सोयाबीनची पोती उतरवून रिकामी केलेली. मागं गोधडी टाकून मुलीला निजवलं, आई तिच्या उशाशी. बाप मला म्हणाला, "आप भी चलोगी." ती विनंती नव्हती. मी जाणारच होते, पण मला धरून नेताहेत असं झालं. आमच्या मागं दोन मोटरसायकली निघाल्या. त्यावरची पोरं सारखी माझ्याकडं बघत होती, वाटेत मी उतरून पळून जाईन की काय म्हणून.

हातोदच्या अलीकडं गाडी थांबली. मंडीत माल आणणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबच लांब रांग लागली होती. बाप पुढच्या सीटवरून उतरून ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडत पुढं पळाला. मी मुलीशी बोलत राहिले. मैत्रिणीचं नाव विचारलं, तिनं सांगितलं. भावाचं विचारलं, उशिरानं सांगितलं. शाळेत कोणता विषय आवडतो विचारलं, तर तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले. श्वास तसाच चालू, खोल, दमलेला. आई माझं मनगट धरून म्हणाली, "सिस्टर, सच बोलना. बचेगी?"

"पोचलो तर वाचेल," मी म्हटलं. दुसरं काही बोलायचं धैर्य नव्हतं.

ट्रॉल्या इंचाइंचानं बाजूला झाल्या. हातोदच्या दवाखान्यात डॉक्टर तिथल्या गाडीपाशीच वाट बघत उभ्या होत्या. तरुण मुलगी, नुकतीच रुजू झालेली. तिनं मुलीचा श्वास पाहिला, वास घेतला, साखर पुन्हा तपासली आणि लगेच सलाइन लावायला घेतलं. ते बघून बापानं माझा दंड पकडला.

"यहाँ बोतल चढ़ सकती है, वहाँ नहीं चढ़ने दी?"

"ती साखरेची होती," मी म्हटलं. "हिच्या अंगात आधीच साखर भरलीय, पाणी संपलंय. ही मिठाच्या पाण्याची आहे. दिसायला सारखीच दिसते."

त्यानं बाटलीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजीत होती. हळूहळू त्याची पकड सैल झाली. दवाखान्याच्या गाडीतून आम्ही इंदूरला निघालो. विळा कुठं राहिला मला माहीत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात तिला सरळ आत घेतलं. बाहेरच्या बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये तिची आई. माझ्या वरिष्ठांचा फोन आला: शाळेतल्या बाकीच्या मुली ठीक आहेत, पण गावात वातावरण तापलेलं आहे, तुम्ही काही दिवस तिकडं फिरकू नका. नवरा कारखान्यातून तडक आला. त्यानं बापाकडं पाहिलं, मोटरसायकलवाल्या पोरांकडं पाहिलं आणि माझ्या शेजारी बसला. "घरी चल" असं म्हणाला नाही. त्यासाठी मी त्याची आजही ऋणी आहे.

दिवस मावळायच्या सुमारास आतले डॉक्टर बाहेर आले. त्यांनी बापाला समजावून सांगितलं. मुलीच्या शरीरात इन्सुलिन बनायचं थांबलं आहे. हे आजचं नाही, कित्येक आठवडे चाललं होतं. आता रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, जन्मभर. जीव वाचेल असं वाटतं, पण आजची रात्र जाऊ दे.

"गोली से हुआ?" बापानं विचारलं.

"नहीं. गोली का इससे कोई लेना-देना नहीं."

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि भावाला शाळेतून कुणी घरी नेलं का म्हणून विचारलं, असं तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवरच बसून राहिले.

मुलगी वाचली म्हणजे गोष्ट मिटली, असं मला वाटलं होतं. मिटली नाही.

ती घरी आल्यानंतरची गोष्ट. मी उपकेंद्रात एकटीच होते. बाप आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. मी खुर्चीवरून उठले. तो उभाच राहिला. मग खाली बघत म्हणाला, "गाँव में किसी को मत बताना कि उसको शुगर है."

"का?"

"छोरी है. कल ब्याह करना है. ये तो ज़िंदगी भर का हो गया. कौन ले जाएगा?"

"मग लोकांना काय सांगणार, काय झालं होतं म्हणून?"

त्यानं दाराकडं पाहिलं. मला उत्तर कळलं. गोळीनं झालं होतं, आता बरी आहे. गोळीचं विष उतरतं, साखरेचा आजार उतरत नाही.

"म्हणजे सगळा आळ माझ्यावर," मी म्हटलं.

"आपका क्या जाएगा? आप तो इंदौर चली जाती हो."

मला फार राग आला. पण तो जे मागत होता ते मला द्यायलाच लागणार होतं. रुग्णाचा आजार त्याच्या मर्जीशिवाय कुणाला सांगायचा नाही, हे आमचं पहिलं पथ्य. तो मागायला आला नसता तरी मी सांगितलं नसतं. मी एकच अट घातली: शाळेत मुख्याध्यापिकांना सांगू द्या, कारण दुपारचं इंजेक्शन शाळेच्या वेळेत येतं. तो कबूल झाला आणि दार उघडून गेला.

या प्रकाराची ऑफिसनं चौकशी केली, तीत मी सुटले. गावात सुटले नाही. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी आणि आशा अंगणवाडीत सकाळपासून बसलो. लसींचा डबा बर्फासकट तसाच परत गेला. ज्या बायांची बाळंतपणं मी पार पाडली होती त्या रस्त्यानं येताना मला बघून दुसऱ्या गल्लीत वळायच्या. एका घरी मी दार वाजवलं, तर आतून सासू म्हणाली, "घर में कोई नहीं है." बाळाच्या रडण्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. आशाला तिच्या घरच्यांनी हे काम सोड म्हणून लावून धरलं. ती मला म्हणायची, "दीदी, एकदा खरं काय ते सांगून टाका ना." तिलाही मी काही सांगितलेलं नव्हतं. "गोळीनं झालं नाही एवढंच खरं आहे," मी म्हणायचे, आणि ते उत्तर मलाच पोकळ वाटायचं.

त्यातच गावाबाहेरच्या वीटभट्टीवर गोवर निघाला. मजुरांच्या एका मुलाला, मग दुसऱ्याला. भट्टीवरच्या मुलांना आम्ही लस दिली. त्यांना गावाच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. पण गावात लस न घेतलेली बाळं घरोघर होती. त्यातलं एक त्या मुलीच्या काकीचं, त्याच घरातलं. मी तिथं गेले तर मुलीची आजी उंबऱ्यात आडवी बसली. "एक को तो मार ही डाला था," ती म्हणाली. आजीला खरं काय ते सगळं माहीत होतं. आतमध्ये मुलगी उभी होती. तिनं मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी माघारी आले. रस्ताभर मनात एकच विचार, की बापाला दिलेला शब्द मोडावा. मोडला तर मुलीचं काय, न मोडला आणि बाळाला गोवर झाला तर काय. त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं.

लपवण्याची झळ मुलीलाही बसत होती. दुपारचं इंजेक्शन ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत दार लावून घ्यायची. घरी धान्याच्या कोठीमागं बसून घ्यायची, कुणी पाहुणे बघू नयेत म्हणून. एकदा तिनं इंजेक्शन घेतलं आणि डबा नीट खाल्ला नाही. वर्गात साखर एकदम उतरली. ती थरथरायला लागली, घामानं भिजली, काहीबाही बोलायला लागली. मुलींना वाटलं, गोळी पुन्हा बाधली. त्या ओरडत वर्गाबाहेर पळाल्या. तिच्याजवळ एकही थांबली नाही. मुख्याध्यापिका धावत येऊन तिच्या तोंडात साखर घालेपर्यंत ती रिकाम्या वर्गात बाकावर एकटी कलंडलेली होती. हे मला मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

त्यानंतरचा लसीकरणाचा दिवस. मी आणि आशा अंगणवाडीत बसलो होतो. समोरच्या हातपंपावर बाया पाणी भरत होत्या आणि आमच्याकडं बघून आपापसात बोलत होत्या. शाळेकडून नव्हे, घराकडून ती मुलगी आली. काकीचं बाळ कडेवर होतं. मागं काकी, तोंडावर पदर ओढलेली, आणि बरीच मागं तिची आई.

हातपंपावरची एक बाई म्हणाली, "अरे, तू ही ले जा रही है इसको? भूल गई, क्या हुआ था तेरे साथ?"

मुलगी थांबली. मला वाटलं, आता परत फिरते. तिनं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

"गोळीनं नव्हतं झालं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, नेहमीसारखं बोलली. "मुझे शुगर है. रोज सुई लगाती हूँ, पेट में. उस दिन से पहले की है."

पंपाचा आवाज थांबला. एका बाईनं विचारलं, कौन सी शुगर, बुड्ढों वाली? मुलीनं सांगितलं, बच्चों को भी होती है. मग ती आत आली आणि बाळाला माझ्यासमोर धरलं. मी तिला म्हटलं, तूच नीट धर, घट्ट. बाळ रडलं, तिनं त्याला खांद्यावर घेऊन थोपटलं. तिची आई दारापर्यंत आली होती. ती आत आली नाही आणि निघूनही गेली नाही. तिनं मुलीला पाठवलं होतं की मुलगी स्वतः निघाली होती, हे मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी आणखी कुणी आलं नाही. पुढच्या वेळी दोघी-तिघी आल्या, मग हळूहळू बाकीच्या. गोवर गावातल्या एका बाळाला झालाच. बाळ बरं झालं, पण बरेच दिवस फार अशक्त होतं. मुलीच्या घरात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आजी रागानं दोन वेळा जेवली नाही. बाप मुलीशी किती तरी दिवस बोलला नाही. पण इंजेक्शनं आणायला इंदूरला तोच जात राहिला, आणि त्यांच्याकडं फ्रिज नव्हता तर ओल्या वाळूत मडकं ठेवून त्यात ती गार कशी ठेवायची, हे मी आईला शिकवलं तेव्हा मडकं कुंभाराकडून त्यानंच आणलं. वर्गातल्या मुलींना मुख्याध्यापिकांनी सगळं समजावलं. तेव्हापासून तिच्या शेजारी बसणारीच्या दप्तरात गुळाचा खडा असायचा.

बापानं माझी माफी मागितली नाही आणि मीही वाट पाहिली नाही. एकदा रस्त्यात मोटरसायकल थांबवून त्यानं विचारलं, "सिस्टर, एक बात बताओ. गोली से थोड़ी-बहुत तो बढ़ी होगी?" मी म्हटलं, नाही. त्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही, देव जाणे. त्या गावात काही घरं अजून मुलींना निळी गोळी घेऊ देत नाहीत. मी दर वेळी जाते, दर वेळी समजावते.

ती आता अकरावीला आहे, हातोदला शिकायला जाते. नेहमी ऐकते असं नाही. लग्नसराईत तर हमखास भांडण होतं. तुपात बुडवलेले कणकेचे बाफले खाते, वर लाडू खाते, मग डोसचा अंदाज चुकतो आणि फोन मला येतो. मागच्या आठवड्यात तिची साखर दोनदा उतरली होती, म्हणून मी दुपारी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. आईला लावला, तर तो बंद. मी गरोदर बाईची तपासणी करत होते. तिचं पोट तपासताना माझं लक्ष टेबलावरच्या फोनकडं होतं, आणि तिनंही ते ओळखलं. म्हणाली, दीदी, पहिले आप बात कर लो.

बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"काय झालं होतं? किती फोन केले," मी म्हटलं.

"मैडम, क्लास में थी," ती म्हणाली. "और खाना खा लिया है. आप पूछो उससे पहले ही बता रही हूँ."